सगळ्यांचं काम, सगळ्यांची सुट्टी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला विषय दिला 'सहजीवन'. ते म्हणाले, पंचवीस वर्षं झाली, काहीतरी चांगलं बोला. चांगलं तर बोलणारच आहे, पण शेवटी एक मागणीही करणार आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मधेच चहाला उठणार नाही. (हशा)

एकाच आवारात राहणं आणि एकत्र राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्र राहण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले. काही वर्ष-दोन वर्षांत मोडले, काही पन्नास-पाऊणशे वर्षं टिकले. जे टिकले ते कशामुळे, हे मला आज बघायचं आहे. त्यासाठी मी दोन ठिकाणं निवडली. एक दूरचं, इस्रायलमधलं किबुत्झ. दुसरं आपल्या विदर्भातलं, वर्ध्याजवळचं पवनार.

किबुत्झ हा हिब्रू शब्द. अर्थ साधा, एकत्र जमणं. १९१० साली दहा पुरुष आणि दोन बायका अशी बारा माणसं गॅलिलीच्या सरोवराकाठी शेती करायला उतरली. त्या वस्तीचं नाव देगानिया. तिथून ही चाल सुरू झाली. जमीन सगळ्यांची, जनावरं सगळ्यांची, जेवण एका पंगतीत आणि खासगी पगार कोणालाच नाही. ज्याला जे लागेल ते त्याला मिळणार, ज्याला जे जमेल ते त्यानं करायचं. आज तिथे अशी पावणेतीनशेच्या आसपास गावं आहेत.

यातली बहुतेक मंडळी देवाधर्मापासून लांबच होती. पण १९३० नंतर जर्मनी, पोलंड, रुमानिया इकडून काही तरुण आले, ते धर्म पाळणारे होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला नांगर पण पाहिजे आणि पोथी पण पाहिजे. 'तोरा आणि श्रम' हे त्यांचं ब्रीद. त्यांनी १९३७ च्या जूनमध्ये बेत शेआनच्या खोऱ्यात तिरत झ्वी नावाचं धार्मिक किबुत्झ वसवलं. ती जागा समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून जास्त खोल आहे. १९४२ च्या जूनमध्ये तिथे ५४ अंश तापमानाची नोंद झालेली आहे. आपले अकोल्याचे पाहुणे मे महिन्यात आपल्याला हिणवतात, 'अमरावतीत काय ऊन हाय बावा, ऊन पाहाचं तं अकोल्याले या!' त्यांना हा आकडा जरूर सांगा. (हशा)

त्या भट्टीत त्यांनी खजुराच्या बागा उभ्या केल्या. शेजारी १९३९ मध्ये स्दे एलियाहू हे दुसरं धार्मिक किबुत्झ झालं. ते पुढे रासायनिक औषधांशिवायच्या शेतीसाठी नावाजलं. किडींवर फवारणी करण्याऐवजी किडी खाणारे मित्रकीटक वाढवायचे, शेतातल्या उंदरांसाठी गव्हाणी घुबडांना घरट्याच्या पेट्या बांधून द्यायच्या, असे उद्योग त्यांनी यशस्वी केले. कपाशीवरची बोंडअळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

त्या भूमीवरचा ज्यू आणि अरब यांचा वाद हा मोठा आणि दुःखाचा विषय आहे. ही गावं वसली तीसुद्धा त्या झगड्याच्या मधोमध, कुंपण आणि टेहळणीचा बुरूज आधी उभा करून. ते विसरून नुसतं कौतुक करणं बरोबर होणार नाही. पण आज मला त्यांच्या घरातल्या एका अडचणीबद्दल बोलायचं आहे.

ज्यू धर्मात शनिवार हा विसाव्याचा दिवस. शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद. चूल पेटवायची नाही, नांगर धरायचा नाही. ठीक आहे, एक दिवस शेत थांबेल. पण गाय थांबते का? धार काढली नाही तर कास दाटते, गाय तळमळते. मग करायचं काय? जुन्या परंपरेत यावर एक मार्ग होता. शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला बोलवायचं आणि त्याच्याकडून धार काढून घ्यायची. शास्त्रात बसतं, काही दोष नाही.

पण या तरुणांना ते पटेना. ते म्हणाले, आम्ही आपल्या हातानं राबायचं म्हणून इथे आलो. आता आमचा धर्म पाळला जावा म्हणून दुसऱ्यानं राबायचं? आमची सुट्टी जर दुसऱ्याच्या कामावर उभी असेल तर तिला सुट्टी म्हणायचं कशी? धर्मगुरूंशी यावर पुष्कळ वाद झाले. शेवटी दूध काढायची यंत्रं आली, ती वेळेवर आपोआप चालतील अशी जोडणी केली गेली आणि मार्ग निघाला. मला त्या यंत्रापेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो.

शब्बाथची आज्ञा जिथे सांगितली आहे तिथे ती फक्त मालकाला सांगितलेली नाही. तू, तुझी मुलं, तुझे चाकर, तुझा बैल, तुझं गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांनाच त्या दिवशी विसावा आहे.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. १९४८ नंतर त्यातले पुष्कळ इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी मराठी जपली. म्हणजे घाण्याच्या बैलाला आठवड्याची सुट्टी मराठी मुलखात शेकडो वर्षं चालू होती.

आणि आपला पोळा? आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण त्याला द्यायचं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस वऱ्हाडात सापडायचा नाही. त्या दिवशी सालदारालाही मान. त्याला कपडे, त्याला पुरणपोळी, आणि तो बैल घेऊन घरोघर गेला की त्याच्या हातावर बोजारा. राबणाऱ्याला विसावा आणि मान देणं हा धर्माचा भाग आहे, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावं लागलं नाही.

आता पवनार. पण इस्रायलमधून पवनारला यायचं तर मधे एक माणूस भेटतो, त्याला नमस्कार करून पुढे जाऊ. हर्मन कॅलनबाख. दक्षिण आफ्रिकेतले ज्यू वास्तुविशारद, गांधीजींचे जिवलग मित्र. ज्या १९१० साली देगानिया सुरू झालं, त्याच साली कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची आपली सुमारे अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तेच टॉलस्टॉय फार्म. तिथे नोकर नाही असा नियम. स्वयंपाकापासून संडास सफाईपर्यंत सगळं आपल्या हातानं. हे कॅलनबाख १९३७ मध्ये गांधीजींना भेटायला भारतात येऊन गेले. १९४५ मध्ये ते वारले आणि पुढे त्यांच्या अस्थी देगानियाच्या मातीत ठेवल्या गेल्या. एकाच माणसाच्या आयुष्यात आश्रम आणि किबुत्झ असे जोडलेले आहेत. आपल्या सर्वोदयवाल्यांनाही हे नातं माहीत होतं. जयप्रकाश नारायण १९५८ मध्ये इस्रायलला गेले ते किबुत्झ पाहायला.

पवनार वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटर, धाम नदीच्या काठी. आपल्यापैकी पुष्कळांनी नागपूरकडे जाताना पुलावरून तो आश्रम पाहिला असेल. १९३८ मध्ये विनोबा तिथे राहायला गेले ते आजारी म्हणून. वजन नव्वद पौंडांच्याही खाली आलेलं. गांधीजींनी सांगितलं, हवापालट करा. विनोबांनी हवापालटासाठी महाबळेश्वर निवडलं नाही, पवनार निवडलं. जमनालाल बजाजांचा तिथला बंगला रिकामा होता. तिथे त्यांनी औषध काय घेतलं? कुदळ. रोज थोडं थोडं खणायचं. सुरुवातीला काही मिनिटं, मग हळूहळू वाढवत नेलं. तब्येत सुधारली. खणताना जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यात राम-भरत भेटीचं शिल्प निघालं, ते आजही आश्रमात आहे. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं महामहोपाध्याय मिराशींचं मत होतं, म्हणून जमिनीखाली असं काही निघणं नवलाचं नव्हतं. पण ते सापडलं कोणाला? हातात कुदळ धरलेल्या माणसाला.

मग १९५० मध्ये विनोबांनी तिथे 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू केला. पैसा वापरायचा नाही. आश्रमाला जे लागतं ते आश्रमानं पिकवायचं, कपड्यासाठी सूत कातायचं. कोणाला मदत करायची असेल तर पैशाची देणगी नको, दोन दिवस येऊन श्रम द्या. विनोबांचा मुद्दा साधा होता. नोट छापखान्यात छापता येते, ज्वारी छापता येत नाही. मग ज्वारीचा भाव नोटेनं का ठरवावा?

शेती करायची तीही बैलाशिवाय. तिला नाव दिलं 'ऋषिशेती'. विहीर स्वतः खोदली. विहिरीवर रहाट बसवला आणि बैलाच्या जागी माणसं लागली. शिकलेली, पदव्या घेतलेली तरुण मंडळी गोल गोल फिरून पाणी काढत होती.

तुमच्यातलं कोणीतरी मनात म्हणत असेल, 'मंग आमी काय आता रहाट ओढाचा का?' (हशा) नाही. तो रहाट तिथेही कायमचा चालला नाही. १९५१ च्या ८ मार्चला विनोबा पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला निघाले. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकर जमीन दान मिळाली, भूदान सुरू झालं आणि विनोबा पुढची कित्येक वर्षं चालतच राहिले. मिळालेल्या जमिनीतली बरीच निकृष्ट निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं आहे.

पण पवनार थांबलं नाही. २५ मार्च १९५९ ला विनोबांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या बहिणींचा आश्रम. त्याचे नियम ऐका. प्रमुख कोणी नाही. निर्णय मतदानानं नाही, सर्वसंमतीनं. एकीचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. शेत, स्वयंपाक, सफाई, छापखाना ही कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची. 'मैत्री' हे हिंदी मासिक त्या बहिणींनी स्वतः छापलं. पहाटे ईशावास्य, सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळची प्रार्थना आणि मधल्या वेळात काम. संन्यासाच्या परंपरेत बाईला फारशी जागा नव्हती. विनोबांनी ती जागा दिली आणि सोबत खुरपंही दिलं.

आज या दोन्ही ठिकाणांची परिस्थिती काय आहे, तेही सांगायला पाहिजे. किबुत्झ १९८० नंतर कर्जात सापडले. बहुतेकांनी सामायिक तिजोरी सोडून वेगवेगळे पगार सुरू केले. पवनारलाही बहिणींचं वय झालं. म्हणजे हे प्रयोग अमर आहेत असं मी म्हणत नाही. पण धार्मिक किबुत्झ, जे संख्येनं वीसपेक्षा कमी आहेत, ते त्या संकटात बाकीच्यांपेक्षा बरे तगले. ते का, याचा सोसिस आणि रफल या दोन संशोधकांनी अभ्यास केला. २००३ मध्ये तो छापून आला.

त्यांनी एक खेळ लावला. एकाच किबुत्झमधले दोघे जण, पण समोरचा कोण हे एकमेकांना माहीत नाही. मधे शंभर शेकेलचं पाकीट. दोघांनी स्वतंत्रपणे सांगायचं, मी यातले किती घेणार. दोघांची मागणी मिळून शंभरच्या वर गेली तर कोणालाच काही नाही. आत राहिली तर ज्याचं त्याला, आणि जे उरेल त्याची दीडपट करून दोघांत सारखी वाटायची. सर्वांत कमी हात कोणी मारला? जे पुरुष रोज प्रार्थनेला जमत होते त्यांनी. त्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. दिवसातून तीनदा दहा जणांनी एकत्र यायचं.

काही लोक म्हणतील, देवाची कृपा. असेल. पण त्याच श्रद्धेच्या तिथल्या बायकांमध्ये असा फरक दिसला नाही, कारण रोज देवळात जमायचं बंधन त्यांच्यावर नाही. मला त्यातून एवढंच समजतं की जी माणसं रोज एकमेकांची तोंडं पाहतात, ती सामायिक पाकिटात हात घालताना थोडा विचार करतात.

हे आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही. राष्ट्रसंतांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि गावोगाव काय दिलं? सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई. दोन्ही सोबत. गाडगेबाबा कीर्तन रात्री करायचे, पण दिवसा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडून काढायचे. आपण खराटा सोडला आणि नुसतं कीर्तन ठेवलं. शेतीतही सावड होती. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात. आता मजूर सांगितला, पैसे दिले, संपलं. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण सावडीत शेजाऱ्याच्या वावराचा बांध माहीत असायचा, त्याच्या घरची अडचणही माहीत असायची.

आता आपल्याकडे येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी हे आवार म्हणजे काळी माती आणि बाभळी होत्या. पहिल्या पावसाळ्यात स्कूटर फाटकाबाहेर ठेवून चिखल तुडवत घरी यावं लागायचं. बोअरला पाणी लागलं त्या रात्री सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. ही कडुनिंबाची झाडं कोणी कंत्राटदारानं लावली नाहीत, आपल्यापैकीच लोकांनी दर रविवारी बादल्यांनी पाणी घालून जगवली. त्या वेळी पैसे कमी होते म्हणून सगळं आपण करत होतो. मग पैसे आले आणि एकेक काम आपण विकत घेत गेलो. सफाई विकत, बाग विकत, टाकी धुणं विकत. आता वर्षातून दोनदा एकत्र येतो, गणपतीत आणि वार्षिक सभेत. गणपतीत गोडीनं आणि सभेत भांडायला. (हशा)

यातलं सगळं मला परत आणायचं नाही. आपली वयं झाली, पोरं पुण्याला आणि त्याहून लांब गेली. पण एक गोष्ट मला बोचते.

आपल्या फाटकावर वॉचमन काका बसतात. रात्री आठ ते सकाळी आठ. आपण झोपतो ते त्यांच्या भरवशावर. त्यांना आठवड्याची सुट्टी नाही. मी पगाराबद्दल बोलत नाही, तो तुम्ही वेळेवर देता. सुट्टीबद्दल बोलतो. ते सणाला गावी गेले की बदली माणूस त्यांनीच शोधायचा आणि त्याचे पैसे त्यांच्याच पगारातून कापायचे, अशी पद्धत पडली आहे. कोणी मुद्दाम पाडली नाही, पडत गेली. आपण पोळ्याला मातीच्या बैलाचीसुद्धा पूजा करतो. आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस राखण करणाऱ्या माणसाच्या मानेवरचं जू मात्र पोळ्यालाही उतरत नाही.

किबुत्झमध्ये रात्रीची गस्त सभासदांनीच पाळीपाळीनं घालायची पद्धत होती. डॉक्टर असो, शिक्षक असो, हिशेबनीस असो, यादीत नाव आलं की जायचं. पंगतीची भांडी घासायलाही तीच पद्धत.

म्हणून माझी मागणी अशी. आठवड्यातली एक रात्र, समजा शनिवारची, वॉचमन काकांना पगारी सुट्टी द्यावी. त्या रात्री फाटक आपण सांभाळायचं. आपली अठ्ठेचाळीस घरं आहेत. एका रात्रीला दोन घरं. हिशेब करा, एका घराला वर्षातून दोनदा, फार तर तिसऱ्यांदा पाळी येईल. ज्यांना तब्येतीनं जमत नाही त्यांनी चहाचा थर्मास पाठवावा, तीही पाळीच. घरात एकट्या असणाऱ्या माई-काकूंनी संध्याकाळचे दोन तास घ्यावेत. तरुण पोरांनी मध्यरात्रीनंतरची वेळ घ्यावी, नाही तरी ती मोबाईल घेऊन जागीच असतात. (टाळ्या, हशा)

कोणी म्हणेल, त्यापेक्षा महिन्याला प्रत्येकी थोडे पैसे वाढवू आणि दुसरा माणूस ठेवू. तो मार्ग आहे, वाईट नाही. वॉचमन काकांना सुट्टी त्यानंही मिळेल आणि आपल्याकडून दुसरं काही होत नसेल तर निदान तेवढं तरी करा. पण पहिल्या मार्गानं आणखी एक गोष्ट मिळेल. चौथ्या मजल्यावरचा माणूस आणि तळमजल्यावरचा माणूस चार तास एका बाकावर बसतील. पार्किंगच्या ज्या भांडणाला दोन वर्षं नोटिसा चालू आहेत, ते त्या बाकावर मिटण्याची शक्यता मला सभेपेक्षा जास्त वाटते. आणि रात्री तीन वाजता त्या प्लास्टिकच्या खुर्चीत डास चावले की फाटकाजवळ पंखा लावायचा ठराव पुढच्या बैठकीत एकमतानं पास होईल.

पवनारच्या बहिणींसारखी सर्वसंमती आपल्याला जमेल असं नाही. बहुमतानंच होऊ द्या. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. पहिल्या शनिवारसाठी एका घराचं नाव आत्ताच लिहून घ्या, आमचं. सोबत दुसरं कोणतं घर येणार, ते सचिव साहेबांनी विचारावं.